दादाच्या कॉम्प्युटरचं अपडेट

आई गेली त्याला सतरा दिवस झाले होते. मी वारज्याला दादाकडे राहत होते. शिकवते त्या कॉलेजातून रजा घेतली होती आणि कोथरूडच्या घरी नवरा आपलं आपलं बघत होता. तेरावा-चौदावा होऊन गेला, नातेवाईक आपापल्या गावी परतले, सोसायटीच्या हॉलमधून आणलेल्या सतरंज्या गुंडाळून परत दिल्या आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी गेले नाही. कुणी विचारलं असतं तर दादाची व्यवस्था लागेपर्यंत थांबलेय असं सांगितलं असतं. खरं म्हणजे उठून बॅग भरावी एवढंसुद्धा मनात येत नव्हतं.

रडूही येत नव्हतं. भेटायला आलेले लोक माझा हात हातात घ्यायचे आणि मी त्यांना चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते विचारायचे. लांबच्या एका मामींनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला एकदा रडवा हो, नाहीतर आजारी पडेल." त्यानं ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. मी बरं म्हटलं. मग आम्ही उद्या दूध किती घ्यायचं ते ठरवलं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं चौतिसाव्या वर्षी त्याची दृष्टी पूर्ण गेली. कचेरीत कारकून होता, तिथेच त्याला टेलिफोन ऑपरेटर केलं. पुढे ते ऑपरेटरचं टेबलच राहिलं नाही, तेव्हा त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरून काम सुरू केलं. अभ्यासक मंडळी लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करतात, त्या ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायच्या. टायपिंग त्याला डोळे असल्यापासून येत होतं. लग्न त्यानं केलं नाही. तो आणि आई, दोघंच वारज्याच्या दोन खोल्यांत राहायचे.

त्याच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं, अकरा वर्षांपूर्वी घेतलेलं. त्याचा मराठी आवाज पुरुषाचा होता, पण तसा पुरुष मला कधी भेटलेला नाही. सपाट, नाकातला, वाक्य संपलं तरी न थांबणारा. दादा तो इतक्या वेगात लावायचा की मला त्यातला एक शब्द कळत नसे. आई मात्र ऐकून ऐकून सरावली होती. त्या आवाजाला 'ळ' म्हणता येत नव्हता. वेळला वेल, सकाळला सकाल. आई स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. "वेळ रे, वेळ. इतकी वर्षं पुण्यात राहतोस." आवाज अर्थातच पुढे गेलेला असे.

आई गेल्यावर दादाला बत्तीस मेल आल्या होत्या. बाराव्या दिवशी सकाळी तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि सगळ्या ओळीनं ऐकल्या. पाच-सहा मिनिटांत संपल्या. मी दारात उभी होते.

"एवढ्या वेगात तुला कळतं तरी का कोण काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सगळं कळतं," दादा म्हणाला. "फक्त कुणाला किती वाईट वाटलंय ते कळत नाही. तेवढंच बरं."

अपडेट झालं ते बुधवारी दुपारी. आई हॉस्पिटलमध्ये होती ते नऊ दिवस आणि त्यानंतरचे सगळे दिवस कॉम्प्युटर जवळजवळ बंदच होता. सुरू केल्यापासून तो अपडेटसाठी रीस्टार्ट मागत होता आणि दादा दर वेळी 'नंतर' म्हणत होता. त्या दिवशी जेवून तो पडला, तेवढ्यात कॉम्प्युटरनं आपलं आपण उरकून घेतलं. मी स्वयंपाकघरात आईचे डबे रिकामे करून डाळींना ऊन दाखवत होते. चार वाजता दादा टेबलाशी बसल्याचा खुर्चीचा आवाज आला, मग कळांचा. एरवी प्रत्येक कळेमागे बडबड ऐकू येते, ती आली नाही. पुन्हा कळा वाजल्या. मग बराच वेळ काहीच नाही.

मी बाहेर आले. दादा हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसला होता.

"बोलत नाहीये," तो म्हणाला. "पडद्यावर काय आहे?"

निळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी वाचल्या. "अपडेट झालं म्हणतोय. तुमच्या सगळ्या फायली जिथल्या तिथे आहेत, म्हणतोय."

"आणि आवाज?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

दादानं स्पीकरच्या वायरी चाचपून पाहिल्या. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. त्या कंपनीचा एक जुना नंबर त्याला पाठ होता, तो मी फिरवला. नंबर अस्तित्वात नव्हता. मग त्यानं मला खुर्ची ओढून शेजारी बसायला सांगितलं. सोमवारी एक काम द्यायचं होतं, आईच्या आजारपणामुळे आधीच दोनदा पुढे ढकललेलं. शहराच्या हद्दीत घेतलेल्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईची मुलाखत. टाइप तो करू शकत होता, पण आपण काय टाइप केलंय ते त्याला तपासता येत नव्हतं. ते आता मी वाचून दाखवायचं होतं.

मी वाचायला लागले. पहिल्याच परिच्छेदात त्यानं हात वर केला.

"तू वर्गात शिकवल्यासारखं वाचतेयस. भाव घालू नकोस. तो घालत नाही."

"मग कसं वाचू?"

"काही वाटत नसल्यासारखं."

ते मला जमलं. आठवड्याभरात प्रथमच कुणीतरी मला जमण्यासारखी गोष्ट सांगितली होती. मी स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं एका सुरात म्हणत गेले आणि तो मान हलवत राहिला. तो कानाला हेडफोन लावून एक वाक्य ऐके, टाइप करी, हेडफोन बाजूला सरकवी, मी वाची. रेकॉर्डिंगमधली बाई त्यांच्या विहिरीबद्दल सांगत होती. विहीर बुजवून तिथे इमारतीचं पार्किंग झालं होतं. एका ठिकाणी मी नकळत 'आहे' वाचलं.

"आहे नाही," दादा म्हणाला. "तिनं हाय म्हटलंय, मी हाय लिहिलंय. तू हायच वाच."

"विहीर आजून तितंच हाय, निस्ती दिसत न्हाई," मी वाचलं. पूर्णविराम. तो पुढच्या वाक्याकडे गेला.

बुधवार संध्याकाळ, गुरुवार, शुक्रवार असं चाललं. मी आणि दादा इतके तास शेजारी बसलो होतो ते शाळेत असताना, तो मला भूमिती शिकवायचा तेव्हा. मधल्या वर्षांत मी वारज्याला यायचे, पण आईकडे यायचे. दादा आतल्या खोलीत कामात असायचा. जाताना मी दारातून "निघते रे" म्हणायचे, तो "हं" म्हणायचा. त्यात भांडण काही नव्हतं. आई मध्ये होती, दोघांची खबर एकमेकांना देत होती, त्यामुळे आम्हाला थेट बोलायची गरज पडली नाही. आता मी त्याच्याशी दिवसभर बोलत होते, पण जे वाचत होते ते सगळं दुसऱ्याच बाईचं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यानं विचारलं, "तू घरी कधी जाणारेस?"

"तुझा आवाज येईपर्यंत थांबते."

"म्हणजे यायला हवा," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून रिक्षानं बुधवार पेठेत नेला. दादानं तो मांडीवर धरला होता. तिथल्या एका गल्लीत त्याचा जुना दुकानदार होता. साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. हे सॉफ्टवेअर मुळात त्यानंच बसवून दिलेलं. दादाला पाहून तो काउंटरच्या बाहेर आला आणि त्याच्या हातातून डबा घेतला.

"बऱ्याच दिवसांनी साहेब. आणि आई नाही आल्या आज?"

"गेली," दादा म्हणाला.

दुकानदारानं डबा काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "दर वेळी मला सांगायच्या, त्या आवाजाला जरा मराठी शिकवा म्हणून." त्यानं समोर दोन चहा सांगितले आणि मशीन जोडायला घेतलं.

जुनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून पाहिलं. बसलं, पण तोंड उघडेना. अर्ध्या तासानं त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला आणि दादाला सांगितलं, "हे नव्या सिस्टिमवर चालणार नाही. ज्यांनी बनवलं त्यांनी धंदा गुंडाळला, आता दुरुस्त कोण करणार? पण काळजी करू नका. आता यापेक्षा खूप चांगले आवाज मिळतात, तेही फुकट. ऐकवतो."

त्यानं काहीतरी उतरवून घेतलं आणि एक बातमी उघडून बटण दाबलं. बाईचा आवाज आला. तिशी-पस्तिशीची, शिकलेली, शांत बाई. ती खडकवासल्याच्या पाण्याबद्दल वाचत होती. श्वास घेतल्यासारखी थांबत होती. "सकाळी", "पातळी", "वेळोवेळी" असे शब्द आले आणि तिनं प्रत्येक ळ स्वच्छ म्हटला. दुकानातलं एक गिऱ्हाईक मान वळवून ऐकायला लागलं.

मी दादाकडे पाहिलं. तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता.

"ळ बरोबर म्हणते," तो म्हणाला.

"अहो, सगळंच बरोबर म्हणते," दुकानदार म्हणाला. "अगदी माणसासारखं."

"बंद करा."

"हवा तर वेग वाढवून देतो—"

"वेगाचं नाही. माणसं गेले दोन आठवडे येऊन गेली आमच्याकडे, सगळी समजूतदार. आता मशीनही समजूतदार नको."

दुकानदारानं आवाज बंद केला. मला त्या वेळी काहीतरी व्हायला हवं होतं असं आता वाटतं. झालं एवढंच की चहाचा कप ठेवायला मी जागा शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती. शेवटी मी तो कीबोर्डांच्या खोक्यावर ठेवला.

दुसरा मार्ग दुकानदारानंच सांगितला. अपडेट झाल्यापासून दहा दिवसांच्या आत मशीन जुन्या सिस्टिमवर परत नेता येतं. त्यातले तीन गेले होते. परत नेल्यावर लगेच आपोआप होणारं अपडेट बंद करायचं, नाहीतर ते पुन्हा तेच करणार.

"करू ना मग," दादा म्हणाला.

"करा, पण मी सांगितलं म्हणून करू नका. अपडेट बंद म्हणजे दाराला कुलूप नाही. व्हायरस येतील, कुणीही काहीही करेल. बँकेचं वगैरे काही या मशीनवर करता का?"

"सगळंच करतो."

"ते थांबवावं लागेल. आणि तरीही हे फार तर एक-दोन वर्षं चालेल. मग केव्हातरी मशीनच जाईल."

"केव्हातरी जाणारच आहे," दादा म्हणाला.

मशीन तिथे ठेवावं लागलं असतं, कारण दुकानात आणखी दोन कामं आधीची होती. दादानं नको म्हटलं. दुकानदारानं मला एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि अडलं तर फोन करा म्हणाला. दादानं पैसे विचारले, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. डबा पुन्हा चादरीत गुंडाळून आम्ही वारज्याला आलो.

रविवारी आंघोळी उरकून आम्ही बसलो. दादा शेजारी, कागद माझ्या हातात. सेटिंगमध्ये 'मागे जा' असं एक बटण होतं, ते मी दाबलं. लगेच पडद्यावर प्रश्न आला.

"का मागे जाताय, असं विचारतोय," मी म्हटलं.

"कोण?"

"कॉम्प्युटर. यादी दिलीय. त्यातलं निवडायचं."

"वाच."

मी त्या तीन-चार दिवसांच्या सवयीनं वाचलं. "माझे प्रोग्रॅम चालत नाहीत. आधीचं वापरायला सोपं होतं. आधीचं जलद होतं. आधीचं जास्त विश्वासाचं होतं. दुसऱ्या कारणासाठी."

दादानं बोटांनी टेबलाची कड चाचपली. एरवी तो उत्तरांना वेळ लावत नाही.

"शेवटचं," तो म्हणाला.

"सविस्तर लिहा म्हणतोय. खाली चौकट आहे."

"रिकामी सोड."

मी सोडली. त्यावर काही तक्रार न करता ते पुढे गेलं. परत जाण्याऐवजी आणखी एखादं अपडेट करून बघणार का, असं विचारलं. नको म्हटलं. खरंच परत जायचंय का, असं विचारलं. हो म्हटलं. मग पडदा काळा झाला आणि मध्ये ठिपक्यांचं एक चक्र फिरत राहिलं.

त्याला सव्वा तास लागला. तेवढ्यात मी भाताचा कुकर लावला. दादा जागचा उठला नाही. मी मधूनमधून येऊन सांगायचे, अजून फिरतंय. तो हं म्हणायचा. तिसऱ्यांदा आले तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले तेव्हा तू कुठे होतीस?"

"खाली. औषधं आणायला गेले होते."

"हं. मला वाटलं, तू समोरच उभी आहेस आणि बोलत नाहीयेस."

"नाही. मी खाली होते."

"बरं."

हे तो तीन आठवडे मनात धरून होता. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला का, तर नाही. पण मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले नाही. गॅस बारीक करून आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या चक्रासमोर बसून राहिलो. मी दर थोड्या वेळानं "अजून फिरतंय" म्हणत होते.

बारा वाजून गेल्यावर पडदा उजळला आणि दोन सेकंदांनी तो आवाज सुरू झाला. नाकातला, सपाट, नेहमीच्या वेगात. तारीख-वार सांगितलं, इंटरनेटबद्दल काही बोलला, कसली तरी यादी वाचायला लागला. दादानं दोन-चार कळा दाबल्या, तो गप्प झाला. पुन्हा दाबल्या, पुन्हा बोलला.

"आला," दादा म्हणाला.

मला आनंद झाला नाही. रडूही आलं नाही. कुकरची शिट्टी व्हायची बाकी होती, तिकडे माझं लक्ष होतं.

लगेच अपडेट बंद करायचं होतं. कागदावर लिहिल्याप्रमाणे मी कॉम्प्युटरमध्ये आत चालणाऱ्या कामांची एक लांबलचक यादी उघडली, तिच्यात तळाशी अपडेटचं नाव होतं. ते थांबवलं. मग ते कधी सुरू व्हावं याचे पर्याय आले.

"आपोआप, सांगितल्यावर, आणि डिसेबल्ड," मी वाचलं.

"डिसेबल्ड कर," दादा म्हणाला. "आणि त्याला सांग, सवय होते."

मी हसले. किंचितच, नाकातून हवा बाहेर गेल्यासारखं. ते दादाला ऐकू गेलं असावं, कारण त्यानं मान माझ्याकडे वळवली.

मुलाखतीचं काम सोमवारऐवजी बुधवारी गेलं. ज्यांचं होतं त्यांनी 'मिळालं' एवढंच उलट कळवलं. मी त्याच संध्याकाळी बॅग भरून कोथरूडला परतले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. वर्गात हिशेबातला घसारा शिकवला. पोरं नेहमीसारखी मागे बसून मोबाइल बघत होती.

तीन आठवड्यांनी अपडेट आपलं आपण पुन्हा सुरू झालं. बंद केलेलं ते कसं सुरू होतं हे मला अजून कळलेलं नाही. दादाच्या लक्षात आलं, कारण आवाजानं त्याला तशी सूचना वाचून दाखवली. त्यानं मला कॉलेजात फोन केला. मी दुपारचे तास संपवून वारज्याला गेले आणि ते पुन्हा बंद केलं. दुकानदाराला फोन करून विचारलं, तर त्यानं इंटरनेटच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट करायला सांगितली, की या जोडणीवर डेटा मोजूनमापून मिळतो असं कॉम्प्युटरला खोटंच कळवायचं. त्यामुळे ते मोठं काही उतरवून घेत नाही. तेव्हापासून मी दर शनिवारी जाऊन बघते. बँक, गॅस, वीजबिल हे सगळं आता माझ्या मोबाइलवर आहे. दादा म्हणतो, एवढं यायला नको, महिन्यातून एकदा पुरे. मी जाते.

माझ्या नवऱ्याला हे काही पटलेलं नाही. तो स्वतः कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. "एका आवाजापायी सगळी सुरक्षितता सोडायची म्हणजे काय?" असं त्यानं दोनदा विचारलं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी त्याला बरोबर आहे असंच सांगितलं.

मागच्या शनिवारी गेले तेव्हा दादाकडे नवीन काम आलेलं होतं. एका निवृत्त पोस्टमनची मुलाखत, सात तासांची. दादा म्हणाला, माणूस फार खोकतो, पण बोलतो चांगलं. त्यानं हेडफोन काढून रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं आणि मला खुर्ची ओढून दिली. पोस्टमन कुठल्याशा जिन्याबद्दल सांगत होता. मी भाजी निवडत ऐकत बसले. सहा वाजता निघायचं होतं, पण पोस्टमनचं सांगून झालेलं नव्हतं, म्हणून सातला निघाले.